हसू आणि हसे : हास्याचा समाजशास्त्रीय विचार

हास्य हा अभ्यासाचा विषय आहे, असे म्हटले की पुष्कळांना हसू येते. विवाह, जात, धर्म, शिक्षण यांचा समाजशास्त्रात अभ्यास होतो हे सर्वांना मान्य आहे. पण हसण्यात अभ्यासण्यासारखे काय असणार? हसू आले की माणूस हसतो, एवढेच. प्रकरण इतके सोपे नाही, हे प्रस्तुत लेखात आम्ही दाखवू इच्छितो. समाजात कोण कोणाला हसतो, कोणी कोणाला हसायचे नसते आणि एखाद्याच्या विनोदाला न हसल्यास काय होते, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधली की त्या समाजाची उतरंड स्वच्छ दिसू लागते. तोंडवलीसारख्या गावातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी मालवण, कणकवली, कोल्हापूर, मुंबई येथे जाणाऱ्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यातच जी गोष्ट भेटते ती म्हणजे कोणीतरी केलेली थट्टा. तिचे काय करायचे, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात शिकवलेले नसते. म्हणून हा विषय आम्ही निवडला आहे.

१. शब्दांपासून सुरुवात

आपल्या भाषेने हा विचार आधीच करून ठेवला आहे. मराठीत 'हसू' आणि 'हसे' असे दोन शब्द आहेत. हसू येते, हसे होते. हसू आपले असते, हसे इतरांनी केलेले असते. पुढे पाहा : गंमत, थट्टा, मस्करी हे शब्द एका बाजूला, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, उपहास हे दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटात दोन्ही माणसे खेळात सामील असतात. दुसऱ्या गटात एक माणूस खेळतो आणि दुसऱ्याचा चेंडू होतो. गंमत अशी की, वाक्य तेच असू शकते. "काय साहेब, आज लवकर?" हे वाक्य मित्राने म्हटले तर मस्करी होते, वरिष्ठाने चारचौघांत म्हटले तर टोमणा होतो, आणि शिपायाने वरिष्ठाला म्हटले तर आगाऊपणा होतो. अर्थ शब्दांत नसतो. तो बोलणाऱ्यांच्या नात्यात असतो. समाजशास्त्राचा या विषयाशी संबंध येतो तो येथेच.

प्राचीन काळीही ही जाणीव होती. भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. पहिले दोन उत्तम प्रकृतीच्या पात्रांसाठी, मधले दोन मध्यम प्रकृतीसाठी व शेवटचे दोन अधम प्रकृतीसाठी. ज्याचा दर्जा मोठा त्याचे हसू लहान. ज्याचा दर्जा लहान त्याने गडगडाट करावा. म्हणजे ओठ किती उघडावेत हेसुद्धा दर्जाने ठरवून दिलेले होते.

२. अभ्यासक काय सांगतात

फ्रेंच तत्त्ववेत्ता आंरी बर्गसाँ याने १९०० साली हास्यावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की, हास्याला प्रतिध्वनी लागतो. हसणे हे नेहमी एखाद्या गटाचे हसणे असते. जो गटाच्या रीतीबाहेर वागतो त्याला लाजवून ताळ्यावर आणणे हे हास्याचे कार्य. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी बाजारात, रस्त्यावर लोक केव्हा हसतात याच्या सुमारे १,२०० नोंदी केल्या. त्यांत असे दिसले की, बहुतेक हसणे विनोदानंतर आलेलेच नव्हते; "बरं, भेटू मग" अशा साध्या वाक्यांवर लोक हसत होते. एकटा असताना माणूस जितका हसतो त्याच्या सुमारे तीसपट तो चारचौघांत हसतो, असेही त्यांनी दाखवले. तोंडवली-तळाशीलच्या किनाऱ्यावर रापण ओढताना किंवा एस. टी.ची वाट पाहत गजाली करताना जे हशे उठतात, त्यांतले किती खऱ्या विनोदाचे असतात हे ज्याचे त्याने मोजून पाहावे. माणसे हसतात ती "आपण एक आहोत" हे एकमेकांना सांगण्यासाठी.

पण "आपण एक" म्हटले की "तो वेगळा" हे ओघाने आलेच. मानववंशशास्त्रज्ञ रॅडक्लिफ-ब्राउन याने १९४० साली 'थट्टेची नाती' या विषयावर निबंध लिहिला. काही नात्यांत थट्टा करण्याची मुभा असते आणि ज्याची थट्टा होते त्याने राग मानायचा नसतो. आपल्याकडे दीर-भावजय, मेहुणा-मेहुणी ही अशी नाती. लग्नात विहिणीला टोचून गाणी म्हटली जात, ती तिने ऐकून घ्यायची. उलट सासरा आणि सून यांच्यात थट्टा नसते. रॅडक्लिफ-ब्राउन याने या नात्यांचे दोन प्रकार केले. एकात दोघेही परस्परांची थट्टा करतात. दुसऱ्यात एकाने थट्टा करायची आणि दुसऱ्याने ती उलट न बोलता हसून सोसायची. जुन्या गावगाड्यात वरच्या जातींचे आणि खालच्या मानलेल्या जातींचे थट्टेचे नाते दुसऱ्या प्रकारचे होते. मालकाने गड्याच्या नावाचा अपभ्रंश करावा, त्याच्या रंगावर, खाण्यावर बोलावे. गड्याने दात दाखवावेत. त्याचे ते दात पाहून "आमच्या गावात कधी तेढ नव्हती" असे सांगणारे लोक आजही भेटतात.

समाजशास्त्रज्ञ रोझ कोझर यांनी मनोरुग्णालयातील डॉक्टरांच्या बैठकींचा अभ्यास करून १९६० साली निष्कर्ष मांडले. बैठकीत विनोद जास्त कोण करतो? तर वरिष्ठ. विनोदाचा विषय कोण होतो? तर कनिष्ठ, किंवा रुग्ण. हजर असलेल्या वरिष्ठावर कनिष्ठाने विनोद केला असे त्यांच्या नोंदींत एकदाही घडले नाही. आम्ही गेली अनेक वर्षे बँकेत लिपिकाचे काम करतो. कचेरीत काम केलेल्या कोणालाही हा निष्कर्ष पटायला वेळ लागणार नाही. साहेबांचा विनोद काउंटरवर शिळा असला तरी केबिनमध्ये ताजा असतो. पाणी जसे उताराकडे वाहते, तसे नेहमीचे हास्य वरून खाली वाहते.

३. संकासुर : एका रात्रीची परवानगी

मग ते कधीच उलटे वाहत नाही का? वाहते, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपल्या जिल्ह्यातच आहे. दशावतारी नाटकाच्या पूर्वरंगात, म्हणजे आडदशावतारात, सूत्रधार, गणपती, सरस्वती, ब्रह्मदेव ही पात्रे येतात आणि मग काळा वेश, तोंडावर काळा बुरखा अशा थाटात संकासुर येतो. हा वेद पळवणारा असुर. बाकीची पात्रे ग्रांथिक मराठीत बोलतात. संकासुर बोलतो मालवणीत. लिहिलेली संहिता नसते, सगळा कारभार हजरजबाबीपणाचा. देव, भटजी, चालू घडामोडी, कशावरही तो शेरे मारतो आणि आख्खी जत्रा हसते. आमच्या मते येथे महत्त्वाची गोष्ट भाषेची आहे. ज्ञानाचा मक्ता ज्यांच्याकडे त्यांची भाषा एक, आणि तो मक्ता मोडणाऱ्याची भाषा प्रेक्षकांच्या घरातली. संकासुर असुर खरा, पण बोलतो आपल्यासारखा.

मात्र पुढे काय होते? विष्णू येतो, संकासुराचा वध होतो, वेद परत जातात आणि मुख्य आख्यान सुरू होते. मॅक्स ग्लकमन याने १९५४ साली आफ्रिकेतील काही विधींविषयी जे सांगितले ते येथे लागू पडते. वर्षातून एकदा राजाची निंदा करण्याची मुभा दिली की उरलेले वर्ष राजाचे राज्य निर्वेध चालते. ज्या काळात अस्पृश्य मानलेल्यांना देवळाची पायरी चढता येत नव्हती, त्या काळातही संकासुर हसवतच होता. हसू सर्वांपर्यंत पोचत होते. बसण्याची जागा मात्र बदलत नव्हती. केवळ हसण्याने व्यवस्था बदलत नाही, हा धडा यातून घ्यावा.

४. 'वस्त्रहरण' : आपले हसू आपल्या हाती

मराठी नाटकांत घरगड्याच्या तोंडी मालवणी घालून प्रेक्षकांना हसवण्याची जुनी रीत होती. मुंबईच्या घरांत राबणारा कोकणी 'रामा' हे विनोदाचे ठरलेले गिऱ्हाईक. १९८० साली गंगाराम गवाणकर यांचे 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी साकारलेला तात्या सरपंच घराघरांत पोचला. गावकरी 'द्रौपदी वस्त्रहरण' बसवतात आणि त्याचा कसा बोजवारा उडतो, असा या नाटकाचा विषय. येथेही प्रेक्षक मालवणी बोलण्याला हसतात. पण फरक मोठा आहे. आता मालवणी ही एका गड्याची भाषा राहिलेली नाही, ती संपूर्ण नाटकाची भाषा आहे. बोलणारे, लिहिणारे आणि प्रेक्षकांतले पुष्कळसे लोक त्याच मातीतले आहेत. नाटकाचे हजारोंनी प्रयोग झाले, ते लंडनलाही गेले. जी भाषा बोलायला मुंबईत संकोच वाटे ती तिकीट काढून ऐकली जाऊ लागली. दुसऱ्याने आपले हसे करणे आणि आपण आपल्याला हसणे यांत केवढे अंतर आहे, ते येथे दिसते. स्वतःला हसण्याचा अधिकार हा स्वाभिमानाचाच एक भाग आहे. मात्र हसण्याची सूत्रे आपल्या हाती हवीत.

५. विदूषकाची बाजू बदलली

ही सूत्रे हाती घेण्याचे काम महाराष्ट्रात फार पूर्वी सुरू झाले होते. जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. एक जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहदशेची भीती घालून तिला व तिच्या नवऱ्याला कसे लुबाडतो, हे त्यात दाखवले आहे. नाटकात अधूनमधून विदूषक येतो आणि जोशाची लबाडी प्रेक्षकांपुढे उघडी करतो. संस्कृत नाटकांतला विदूषक हा राजाचा ब्राह्मण मित्र, खादाड आणि वेंधळा. त्याला हसायचे असते. जोतीरावांच्या विदूषकाला हसायचे नसते; त्याच्याबरोबर हसायचे असते, आणि हसता हसता फसवणूक ओळखायची असते. शेवटी ते जोडपे जोतीराव-सावित्रीबाईंच्या रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवते. संकासुराचे हसू रात्रीबरोबर संपते, येथील हसू शाळेच्या दारात नेऊन सोडते. दक्षिणा प्राइज कमिटीने हे नाटक स्वीकारले नाही, आणि पुढे शंभरावर वर्षे ते छापलेही गेले नाही.

१८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि पुढे सत्यशोधक जलसे गावोगाव फिरू लागले. त्यानंतर आंबेडकरी जलसे आले. त्यांत नाशिककडील भीमराव कर्डक यांचे नाव अग्रगण्य. या मंडळींनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि आशय बदलला. सोंगाड्या राहिला, पण तो आता सावकार, भोंदू आणि शिवाशिव पाळणारा यांना प्रश्न विचारू लागला. तितकेच महत्त्वाचे म्हणजे तो आपल्याच लोकांच्या दारूला, नवसाला, अंधश्रद्धेलाही हसू लागला. भाषणात जे ऐकून लोकांना राग आला असता, ते जलशात ऐकून त्यांना हसू आले आणि घरी गेल्यावर विचार आला. चेकोस्लोव्हाकियातील लोक नाझी अंमलाखाली जे विनोद करीत, त्यांवर ओब्रद्लिक या समाजशास्त्रज्ञाने १९४२ साली लिहिले आहे. दडपलेल्यांचा विनोद त्यांचे मनोधैर्य टिकवतो आणि दडपणाऱ्यांना अस्वस्थ करतो, असा त्याचा निष्कर्ष. आपल्या जलशांनी दोन्ही कामे केली आणि तिसरे, आत्मपरीक्षणाचे, कामही केले.

६. 'ड्रिफ्टिंग कमिटी' आणि गोगलगाय

आता एक उदाहरण आम्ही जरा विस्ताराने देतो, कारण विद्यार्थ्यांनी ते पाठ करण्यासारखे आहे.

राज्यघटनेचा मसुदा तयार करणारी समिती २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमली गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष. काम लांबते आहे, अशी ओरड सुरू झाली. घटना समितीतील एक सदस्य नझिरुद्दीन अहमद यांनी 'ड्राफ्टिंग कमिटी' या नावावर कोटी करून तिला 'ड्रिफ्टिंग कमिटी', म्हणजे वाहवत चाललेली समिती, असे नाव दिले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी आपल्या समारोपाच्या भाषणात त्याला उत्तर दिले. ते चिडले नाहीत आणि विनोद ऐकलाच नाही असेही त्यांनी दाखवले नाही. आपली कोटी साधल्याचा अहमद यांना आनंद झाला असेल, असे म्हणून त्यांनी सांगितले की, अधिक चांगल्याच्या शोधात असणे म्हणजे वाहवत जाणे नव्हे. अहमद यांचा हेतू तसा नसला तरी आपण हा समितीचा गौरवच समजतो. त्याच भाषणात त्यांनी हिशेब मांडला : समितीचे काम १४१ दिवस चालले, ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांपैकी २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या, आणि ऑस्ट्रेलियाला आपल्या घटनेसाठी नऊ वर्षे लागली होती. कोटीला कोटीने नव्हे, कामाच्या आकड्यांनी उत्तर. आमच्यासारख्या खातेवह्या जुळवणाऱ्या माणसाला हे उत्तर विशेष भावते.

त्याच सुमारास, ऑगस्ट १९४९ मध्ये, शंकर या प्रसिद्ध व्यंगचित्रकाराने त्याच विषयावर चित्र काढले होते. घटना ही गोगलगाय, तिच्यावर चाबूक घेतलेले बाबासाहेब, आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. २००६ मध्ये हे चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात आले. मे २०१२ मध्ये त्यावरून संसदेत गदारोळ झाला आणि सरकारने ते मागे घेण्याचे जाहीर केले. एक बाजू म्हणाली, १९४९ साली जे चालले ते आता का चालू नये? दुसरी म्हणाली, हा अपमान आहे. आमच्या मते समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिसरा प्रश्न विचारावा : हसणारे कोण? १९४९ साली ते चित्र पाहणारे लोक राजकारणाचे रोजचे वाचक होते आणि दोघेही नेते त्यांच्यापुढे हयात, उत्तर द्यायला समर्थ होते. वर्गात ते चित्र पाहणारी मुले सोळा वर्षांची असतात, आणि त्यांत एखादाच मुलगा असा असतो की ज्याच्याकडे चित्र पाहून झाल्यावर बाकीचे वळून पाहतात. चित्र तेच राहिले. सभोवतालचा गट बदलला. २०१९ साली उन्नमती श्यामसुंदर यांनी १९३२ ते १९५६ या काळातील बाबासाहेबांवरील शंभराहून अधिक व्यंगचित्रे एकत्र करून, त्यांच्यावर टिपणे लिहून, इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रे लपवण्यापेक्षा ती मांडून, त्यांत कोण कोणाला व का हसत होते हे दाखवणे, हा मार्ग आम्हांस अधिक फलदायी वाटतो.

७. न हसण्याचा अधिकार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वसतिगृहात, कचेरीत, मोबाइलवरच्या गटात कोणीतरी सवलतीवर, आडनावावर, बोलण्याच्या हेलावर विनोद करतो. सगळे हसतात. आपण काय करावे?

पुष्कळ जण हसतात. "मनावर घेऊ नये", "एवढे काय त्यात" असे स्वतःला समजावतात. पण हास्याला प्रतिध्वनी लागतो, हे आपण वर पाहिले. ज्याचे हसे होते तोच हसला की टवाळीची मस्करी होते. करणाऱ्याला पावती मिळते. ब्रिटिश अभ्यासक मायकल बिलिग यांनी २००५ साली उपहासावर लिहिताना, जेथे हसणे अपेक्षित आहे तेथे मुद्दाम न हसणे ही एक स्वतंत्र सामाजिक कृती आहे, असे मांडले आहे. न हसण्याने काहीच केले नाही असे होत नाही. चार जण हसत असताना एक चेहरा शांत राहिला तर त्या हशाचा सूर बिघडतो, आणि पुढच्या वेळी बोलणारा आधी त्या चेहऱ्याकडे पाहतो.

संयुत्तनिकायात या संदर्भात एक प्रसंग आहे. राजगृहाच्या वेळुवनात एका ब्राह्मणाने येऊन भगवान बुद्धांना शिवीगाळ केली. बुद्धांनी त्याला विचारले, तुझ्या घरी पाहुणे येतात, त्यांच्यापुढे तू पक्वान्ने ठेवतोस. त्यांनी ती घेतली नाहीत तर ती कोणाची? ब्राह्मण म्हणाला, माझीच. मग तुझे हे बोल आम्ही घेत नाही, ते तुझ्याकडेच राहिले, असे बुद्ध म्हणाले. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे उत्तर आजच्या समाजशास्त्राशी जुळते. देवघेव दोघांची असते. एकाने घेतले नाही तर व्यवहार पुरा होत नाही.

याचा अर्थ सर्व काही मुकाट्याने सोसावे, असा नाही. सार्वजनिकरीत्या, हेतुपुरस्सर जातीवरून अवमान करणे हा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ प्रमाणे गुन्हा आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली जातीवरून होणाऱ्या छळाचा रॅगिंगमध्ये स्पष्ट समावेश केला आहे. "मी तर गंमत केली" एवढे म्हटल्याने हेतू आपोआप धुऊन निघत नाही. पण प्रत्येक विनोद कायद्यापर्यंत नेता येत नाही. रोजच्या व्यवहारात न हसणे, शांतपणे "यात हसण्यासारखे काय आहे, समजावून सांगा" असे विचारणे, आणि आपल्या कामाचा हिशेब चोख ठेवणे ही तीन साधने प्रत्येकाच्या हाती आहेत. विनोद समजावून सांगायला लागला की तो करणाऱ्याची जीभ अडखळते, असा अनुभव आहे.

८. समारोप

शेवटी आपल्याकडेही पाहिले पाहिजे. हास्य उताराकडे वाहते, हा नियम आपल्यालाही लागू आहे. आपल्या समारंभांत, घरांत बायकांच्या बुद्धीवर, अपंगाच्या चालण्यावर, काळ्या रंगावर, परप्रांतातून पोटासाठी आलेल्या मजुराच्या बोलीवर विनोद होतात. आपल्याहून खाली कोणी सापडला की आपलेही हसू त्याच दिशेने जाते. आलेला विनोद मोबाइलवरून पुढे पाठवणे म्हणजे त्यावर सही करणे होय. सम्यक वाचेत खोटे, चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड ही चारही वर्ज्य सांगितली आहेत; विनोद वर्ज्य सांगितलेला नाही. तेव्हा हसू नये असे आम्ही म्हणत नाही. भरपूर हसावे. गजालींत हसावे, दशावतार पाहताना हसावे, स्वतःला तर अवश्य हसावे. फक्त हसण्यापूर्वी त्या हशात कोणी एकटा पडला आहे का, तेवढे पाहावे.

अभ्यासमंडळासाठी प्रश्न

१. आपल्या गावातील कोणत्या नात्यांत दोन्ही बाजूंनी थट्टा चालते आणि कोणत्या नात्यांत एकाच बाजूने? यादी करा.

२. संकासुराचे हसू व 'तृतीय रत्न'मधील विदूषकाचे हसू यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.

३. एक आठवडा आपल्या मोबाइलवर आलेल्या विनोदांची नोंद ठेवा. प्रत्येकात हसणारा कोण व हसे कोणाचे, ते लिहा.

४. 'ड्रिफ्टिंग कमिटी' या कोटीला बाबासाहेबांनी दिलेले उत्तर मूळ भाषणातून वाचा आणि आपल्या वर्गात किंवा कचेरीत झालेल्या एखाद्या टोमण्याला तशा रीतीने कसे उत्तर देता आले असते, यावर चर्चा करा.